समास सोडून

‘टीका’ या शब्दाचे मराठीत फार वाईट झाले. मूळचा हा शब्द सोज्ज्वळ. एखादा ग्रंथ दुसऱ्याला समजावा म्हणून त्याच्या पदापदाशी थांबून केलेले विवरण, एवढाच त्याचा अर्थ. आज मात्र कोणी कोणावर टीका केली असे म्हटले की एकाने दुसऱ्याचे वाभाडे काढले, हेच डोळ्यांपुढे येते. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर हा शब्द ‘सडकून’ आणि ‘घणाघाती’ या दोन सोबत्यांवाचून घराबाहेर पडत नाही. परिणाम असा की, ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका आहे असे वर्गात सांगितले की बहुतेक दरवर्षी कोणीतरी मूल हात वर करते आणि विचारते, “सर, ज्ञानेश्वरांना गीता आवडत नव्हती का?”

वर्ग हसतो. मला मात्र तो प्रश्न फार चांगला वाटतो. त्या मुलाने एक शब्द ऐकला, आपल्याला ठाऊक असलेला अर्थ त्याला लावून पाहिला, तो बसत नाही हे त्याच्या ध्यानात आले, आणि न बसणारा अर्थ तसाच गिळून पुढे जाण्याऐवजी त्याने हात वर केला. वाचन म्हणून जे काही आहे ते याहून फारसे निराळे नाही. हसणाऱ्या बाकीच्यांनी तोच शब्द वहीत उतरवून घेतलेला असतो आणि परीक्षेसाठी जपून ठेवलेला असतो.

तथापि या निरागस प्रश्नामागे एक जुना प्रश्न उभा आहे, आणि तो मोठ्या माणसांचा आहे. दुसऱ्याच्या शब्दांना प्रश्न विचारणे हा त्यांचा आदर की अनादर? आपल्या घरांतली रीत पाहिली तर उत्तर ठरलेलेच दिसते. पोथी चालू असता ‘असे का?’ म्हणणाऱ्या पोराला गप्प बसवतात. वडीलधाऱ्याने काही सांगितले आणि ‘म्हणजे नेमके काय करायचे?’ असे सुनेने विचारले, तर तिला खुलासा मिळत नाही, ‘उलट बोलते’ असा शेरा मिळतो. टीका हा शब्द बिघडला तो उगीच नव्हे. जिथे विचारपूस आणि दोषारोप यांतला फरक लोकांच्या कानाला कळेनासा होतो, तिथे विवरणाचा शब्द निंदेचा होणारच.

गंमत अशी की, ज्या ग्रंथापुढे आपण मुलांना गप्प बसवतो तो ग्रंथच मुळी प्रश्नांवर उभा आहे. अर्जुनाला आपण आदर्श शिष्य म्हणतो. पण वर्गात असा शिष्य असेल तर मास्तराला घाम फुटेल. स्थितप्रज्ञ हा शब्द येताच तो थांबवतो आणि विचारतो की असा माणूस ओळखायचा कसा, तो बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा. नुसत्या व्याख्येने त्याचे भागत नाही. तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी तर तो जवळजवळ तक्रारच करतो: ज्ञान श्रेष्ठ म्हणायचे आणि मला या घोर कर्मात लोटायचे, हे दोन्ही एकदम कसे? काय ते एक निश्चित सांगा. पाचव्या अध्यायात पुन्हा तेच. म्हणजे आधीचे बोलणे त्याने केवळ ऐकलेले नाही. दोन ठिकाणची वाक्ये शेजारी शेजारी ठेवून ती जुळतात की नाही हे पाहिले आहे. आणि प्रश्न विचारला म्हणून श्रीकृष्ण त्याला एकदाही दटावीत नाहीत. उलट प्रत्येक प्रश्नाबरोबर एक नवे दार उघडते. अर्जुन मान डोलवीत बसला असता तर गीता दुसऱ्या अध्यायातच संपली असती.

ज्ञानेश्वरांनी तरी दुसरे काय केले? गीतेचे श्लोक सातशे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला पुऱ्या झालेल्या त्यांच्या टीकेच्या ओव्या सुमारे नऊ हजार. हे जे वाढले ते कुठून आले, हे पाहावे. श्लोकात अर्जुन एक विचारतो, ओवीत तो दहा विचारतो. मूळ संवादात नसलेले श्रोते ओव्यांमध्ये येऊन बसतात, खुलासे मागतात, आणि वक्ता वर्णनात रमून लांबत चालला की ‘आता मूळ विषयावर या’ अशी आठवणही देतात. या श्रोत्यांत त्यांचे गुरू निवृत्तिनाथ आहेत. जगात फार थोड्या टीकाकारांनी आपल्याला मध्येच थांबवणारी माणसे आपल्याच ग्रंथात इतक्या प्रेमाने बसवून घेतली असतील.

याहून मागे जायचे तर यास्काचार्यांकडे जावे लागते. वेदांतले अवघड शब्द गोळा केलेली ‘निघंटु’ नावाची एक यादी होती. तिच्यावर यास्काने ‘निरुक्त’ लिहिले, ते इसवी सनाच्याही काही शतके आधी. आपण शाळेत धड्याखाली शब्दार्थ देतो, त्या प्रथेचा हा आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही. पण मला यास्काविषयी जो आदर वाटतो तो निराळ्याच कारणासाठी. कौत्स नावाचा कोणी एक आचार्य असे म्हणे की, वेदमंत्रांना मुळी अर्थच नाही, ते नुसते म्हणायचे असतात. ज्याने शब्दांचा अर्थ लावण्यात आयुष्य घातले त्याच्या मुळावरच येणारे हे म्हणणे. यास्काने ते दडपले नाही. कौत्साचे आक्षेप त्याने एकेक करून आपल्या ग्रंथात लिहून घेतले आणि मग त्यांना उत्तरे दिली. त्यांतले एक उत्तर जरा फणकाऱ्याचे आहे. आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो काही खांबाचा अपराध नव्हे, असे तो म्हणतो. असो, शास्त्रकारालाही कधी राग येतो. पण कौत्साचे म्हणणे आज आपल्याला वाचायला मिळते ते त्याच्या विरोधकाने ते नीट नोंदवून ठेवले म्हणून.

पुढे व्याख्यान कसे करावे याची जी पाच अंगे आपल्या पंडितांनी ठरवली, त्यांत हे सगळे आले आहे. आधी पदे सुटी करायची, मग त्यांचे अर्थ सांगायचे, समासांचा विग्रह करायचा, वाक्याचा अन्वय लावायचा आणि शेवटी आक्षेपाचे समाधान करायचे. या शेवटच्या अंगाशी मी नेहमी घुटमळतो. समाधान म्हणजे शास्त्रात आक्षेपाला दिलेले उत्तर. मराठीत समाधान म्हणजे मनाची तृप्ती. आपण व्यवहारी माणसे. आपण आक्षेपाची पायरी गाळून टाकली आणि समाधान तेवढे घरी आणले.

शब्दांचे असे वेश पालटणे हाच माझ्या मते वाचनातला सर्वांत मोठा धोका आहे. मुलांना वाटते की अवघड शब्द म्हणजे अनोळखी शब्द. खरे म्हणजे अनोळखी शब्द कधी फसवीत नाही. तो दारात उभा राहून आपले परकेपण सांगतो. आपण कोश उघडतो आणि काम भागते. फसवतो तो ओळखीचा शब्द. संस्कृतातली शिक्षा म्हणजे शिकवण; मराठीत ती छडीच्या रूपाने आली. संस्कृतातली चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. मराठीत ती थट्टा झाली. जन्ममरणाच्या फेऱ्याला म्हणायचे तो संसार आपण भांड्याकुंड्यांसकट थाटला. आणि राग! संस्कृतात राग म्हणजे रंग, आसक्ती, ओढ. मराठीत राग म्हणजे क्रोध. जवळजवळ उलटी दिशा. रागद्वेष हा जोडशब्द आपण सर्रास वापरतो आणि त्यात संताप आणि वैर असे दोन एकाच जातीचे शत्रू पाहतो. मुळात तिथे जवळ ओढणारे आणि दूर लोटणारे अशी जोडी आहे.

स्थितप्रज्ञाचे वर्णन शिकवताना एकदा असे झाले. राग, भय आणि क्रोध ज्याच्यातून गेले आहेत तो, असा एक समास तिथे येतो. मी फळ्यावर पदे सुटी केली. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, म्हणाली, “सर, राग गेला म्हटल्यावर क्रोध परत कशाला?” मी खडू खाली ठेवला. कोणत्याही टिपणवहीत नसलेला प्रश्न तिने केवळ दोन शब्द शेजारी ठेवून पाहिल्यामुळे तिला सुचला होता. एकच गोष्ट दोनदा सांगण्याइतका लिहिणारा वेंधळा नसावा, असे तिने धरून चालले होते. मला यातच आदर दिसतो. लिहिणाऱ्याने प्रत्येक शब्द जाणून टाकला आहे असे ज्याला वाटते, त्यालाच ‘हा इथे का?’ असे विचारावेसे वाटते. ज्याला तसे वाटत नाही तो विचारीत नाही. त्याच्या लेखी एक शब्द इकडे काय आणि तिकडे काय.

बाजारात मिळणारी मार्गदर्शके मला म्हणूनच आवडत नाहीत. त्यांत चुका असतात म्हणून नव्हे, कित्येकदा ती अगदी बिनचूक असतात. पण त्यांत प्रश्न पडण्याआधी उत्तर येऊन बसलेले असते. भूक लागण्याआधी भरवलेल्या घासासारखे ते अंगी लागत नाही. कोशाचे तसे नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली प्रथम निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले. हे कोश तुम्हाला एका शब्दाचे पाच-सात अर्थ ओळीने देतात आणि गप्प बसतात. त्यांतला इथला कोणता, हे सांगत नाहीत. ते तुमचे तुम्हाला वाक्याकडे परत जाऊन ठरवावे लागते. माझ्या नावापुढे पदवी नाही. जे काही वाचायला शिकलो ते या कोशांच्या गप्प बसण्याने शिकलो असे म्हटले तरी चालेल.

आता याला एक आक्षेप आहे आणि तो मी यास्काप्रमाणे नोंदवणे भाग आहे. आमच्या शेजारी एक आजी राहत. ऐंशीच्या पुढचे वय, डोळ्यांना जाड भिंगे. सकाळी अंघोळ झाली की ज्ञानेश्वरी उघडून रोजच्या ठरलेल्या ओव्या वाचत, खरे तर म्हणत, कारण निम्म्या त्यांना पाठच होत्या. मी एकदा एका शब्दाचा अर्थ त्यांना विचारला. म्हणजे मला तो ठाऊक नव्हता आणि त्यांना असेल असे वाटले. त्या हसून म्हणाल्या, “मला रे काय ठाऊक? पण ही ओवी आली की माझ्या आईचा आवाज ऐकू येतो.” अर्थ न जाणता वेद पाठ करणारा माणूस म्हणजे ओझे वाहणारा खांब, असा एक कडक निवाडा निरुक्तात दिला आहे. त्या आजींना खांब म्हणण्याची माझी छाती नाही. ज्या पानात माणसाला आपली मेलेली आई भेटते, त्या पानाशी त्याचे नाते माझ्या कोशापेक्षा जुने आहे.

मग बारकाईने वाचण्याचा आग्रह कोणाला धरायचा? पुष्कळ दिवस मी याचा विचार करतो आहे. मला असे वाटू लागले आहे की, त्या आजी ग्रंथाच्या नावाने कोणाला काही सांगत नव्हत्या. ‘ग्रंथात असे लिहिले आहे, सबब तू असे वाग’ असे वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. त्यांनी ओवी घेतली ती स्वतःपुरती. पण जो माणूस दुसऱ्याचे शब्द उचलून त्यांच्या जोरावर तिसऱ्यावर अंमल चालवू पाहतो, शास्त्राच्या नावाने, कायद्याच्या नावाने, नाहीतर ‘वडील असे म्हणून गेले’ या नावाने, त्याला ते शब्द पद सोडवून, अर्थ लावून, आक्षेप ऐकून वाचण्यातून सुटका नाही. तिथे भक्तीची सबब चालणार नाही. आणि अनुभव असा की, असा अंमल चालवणारेच सहसा पोथी न उघडता बोलतात.

इतके झाले तरी प्रश्न विचारणाऱ्याचाही एक धर्म आहे, आणि तो पाळणे प्रश्न विचारण्यापेक्षा कठीण. मराठीत समास हा शब्द तीन ठिकाणी राबतो. व्याकरणात दोन पदे एकत्र आली की तो समास. दासबोधात वीस दशक, आणि दर दशकात दहा समास. आणि शाळेच्या वहीत डाव्या हाताला घडी घालून जी कोरी पट्टी सोडायची तोही समासच. ‘समास सोडा’ हे मी दिवसातून इतक्यांदा म्हणतो की निवृत्त झाल्यावर झोपेत म्हणेन. मुलांना वाटते हा कागदाचा अपव्यय आहे. पण ती पट्टी मोठी न्यायाची जागा आहे. आत आहे ते त्याचे, बाहेर आहे ते माझे. मला हवे ते मी लिहीन, शंका काढीन, भांडेनसुद्धा; पण या रेघेच्या अलीकडे राहून.

ही रेघ पुसली गेली की काय होते, हे ज्ञानेश्वरीच्याच वाट्याला आले होते. छापखाने नव्हते. पोथीवरून पोथी उतरवायची. उतरवताना एखादी ओळ राहिली तर लेखक ती समासात लिहून ठेवी. वाचणारा आपल्या सोयीसाठी एखाद्या शब्दाचा अर्थ, एखादे सुचलेले स्पष्टीकरणही समासातच लिही. पुढच्या लेखकाने ती पोथी हाती घेतली की समासातले हे लिहिणे मूळचे राहून गेलेले की कोणा वाचकाचे, हे त्याला कळायचे कसे? तो भाविकपणे सगळेच आत घेई. शिवाय कोणाला वाटे, इथे आणखी एक ओवी हवी होती. तीही आत जाई. कोणाचा हेतू वाईट नव्हता. प्रेमानेच सगळे झाले.

२९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी हा गुंता सोडवायला घेतला. आख्यायिका अशी की, आळंदीच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ, असे ज्ञानेश्वरांनी त्यांना स्वप्नात सांगितले. आख्यायिका खरी की खोटी हा वाद घालण्यात अर्थ नाही. ज्याने ती प्रथम सांगितली त्याला ग्रंथाचे दुखणे बरोबर कळले होते. प्रेमाने वाढलेल्या मुळीनेच गळा आवळला जातो. एकनाथांनी पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावले की यापुढे जो कोणी यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असे समजावे.

हे बजावणारा माणूस कोण होता, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. ओवी न रचता येणाऱ्याने असे म्हटले असते तर त्यात काही विशेष नव्हते. एकनाथांनी त्याआधीच, शके १४९५ मध्ये, काशीला भागवताच्या अकराव्या स्कंधावरची आपली टीका पुरी केली होती. तिच्या ओव्या अठरा हजारांवर, ज्ञानेश्वरीच्या दुप्पट. सांगायला त्यांच्याजवळ उदंड होते. ते त्यांनी आपल्या ग्रंथात, आपल्या नावावर सांगितले. दुसऱ्याच्या ताटात मात्र आपली एक ओवी ठेवली नाही. मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून मला या संयमाची किंमत थोडीफार कळते. हाताशी नेमका शब्द असताना तो न लिहिणे म्हणजे काय असते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

अर्थात तेवढ्यानेही प्रश्न मिटत नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची एक प्रत प्रसिद्ध केली. ती एकनाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत होते, आणि तिच्यातली शब्दरूपे अधिक जुनी आहेत हे दाखवण्यासाठी त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणच लिहून काढले. त्यांचे सगळेच म्हणणे पुढच्या अभ्यासकांनी मानलेले नाही. पण इतके खरे की, जपून पुसणाऱ्या हाताचाही ठसा काचेवर उमटतो. या बाबतीत महानुभावांच्या लीळाचरित्राच्या पोथ्या मला फार समंजस वाटतात. एकच प्रसंग दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितला असेल तर तिथे दोन्ही पाठ राहू दिलेले आढळतात, आणि या वेगळ्या पाठाला नाव दिले आहे ‘वासना’. कोणाची आठवण कशी, ते तिथल्या तिथे नोंदलेले. निवाडा करण्याची घाई नाही.

हे सगळे पोथ्यापुराणांपुरते असते तर दिवाळीच्या अंकात मी ते लिहिले नसते. काही वर्षांपूर्वी आमच्या गावातले दोघे भाऊ माझ्याकडे आले. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. वडील वारले होते, आई आधीच गेली होती. वडिलांच्या कमाईचे घर विकायचे ठरत होते आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही द्यावी असे भावांचे म्हणणे होते. कायद्याची बाजू सरळ होती. स्वकष्टार्जित घरात, मृत्युपत्र नसेल तर, मुलीचा वाटा मुलाइतकाच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून हे तसेच आहे. वकिलाने त्यांना हे सांगितलेही होते. पण वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीत शेवटच्या पानावर दोन ओळी सापडल्या होत्या. साक्षीदार नाहीत, सही नाही. मृत्युपत्र म्हणून त्यांना किंमत नव्हती. बहीण मात्र म्हणाली, “कायदा राहू द्या सर. अण्णांची जी इच्छा असेल तसं मी करीन. ते काय म्हणतात तेवढं सांगा.”

ओळी अशा होत्या: घर दोघा मुलांनी सांभाळावे. ताईचे माहेर मोडू नये.

थोरला भाऊ म्हणाला, “स्पष्टच आहे ना, सर. घर आम्हा दोघांचं. ताईला आम्ही काही तोडणार नाही. दिवाळीला, भाऊबीजेला आणूच की.” त्याच्या स्वरात कपट नव्हते. त्याने तो कागद शंभरदा वाचला असेल, आणि शंभर वेळा तो त्याच्या बाजूने बोलला असेल.

मी वही उजेडाकडे धरली. ‘सांभाळावे’ या शब्दाशी मी पहिल्यांदा थांबलो. ‘वाटून घ्यावे’ असे म्हणायचे असते तर जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला तो शब्द सापडला नसता असे नाही. त्याच पानाच्या वर त्यांनी शेतातल्या आंब्यांचे वाटे कोणाला किती, ते लिहिले होते. मग दुसरी ओळ. तिच्या आधी एक खोडलेली ओळ होती. शाईची एकच रेघ मारलेली, खालचे वाचता येत होते: ताईला सणावाराला आणीत जावे. ते खोडून खाली ‘माहेर मोडू नये’ असे लिहिले होते.

भावांनी ते खोडलेले म्हणून वाचलेच नव्हते. मी त्यांना दाखवले आणि माझ्या समजुतीप्रमाणे सांगितले की, सणावाराला आणणे एवढेच त्यांच्या मनात असते तर त्यांनी ती ओळ खोडली नसती. ती लिहून त्यांना ती अपुरी वाटली असावी. यापलीकडचे काहीतरी त्यांना म्हणायचे होते. धाकटा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. थोरला म्हणाला, “यापलीकडचं म्हणजे किती?”

इथे मला मोह झाला. तिसरा वाटा, असे म्हणणे माझ्या अगदी ओठांवर होते. माझ्या मनाला तेच न्यायाचे वाटत होते, कायदाही तेच म्हणत होता, आणि मी म्हटले असते तर तिघांनीही ते अण्णांचे म्हणून मानले असते. पण कागदावर ते नव्हते. मी म्हणालो, “ते यात लिहिलेलं नाही. माझं मत विचाराल तर ते निराळं सांगेन, पण ते माझं असेल.” आणि मग माझे मत काय ते वेगळे सांगितले.

बहीण इतका वेळ बोलली नव्हती. तिने वही जवळ ओढली, चष्मा लावला आणि त्या दोन ओळींवरून बोट फिरवीत विचारले, “पण मग पहिल्या ओळीत ‘दोघा मुलांनी’ का? ‘तिघांनी’ का नाही लिहिलं?”

आम्ही चौघेही त्या पानाकडे पाहत बसलो. हा प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता आणि तो तिच्यापुढे काढण्याचे मी टाळले होते. कागदात त्याचे उत्तर नव्हते. खोडलेल्या ओळीतही नव्हते. थोरल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि तो थांबला. धाकटा म्हणाला, “ताई, त्यांना सुचलं नसेल.” ती म्हणाली, “आंब्यांचे वाटे लिहिताना सुचलं होतं की. त्यात माझं नाव आहे.”

त्या पानाची एक झेरॉक्स तिने मागून घेतली आणि पिशवीत ठेवली. सही त्या दिवशी झाली नाही. पुढे झाली की नाही, हे मी विचारलेले नाही. घर अजून आहे; कुलूप असते.